हातातली काडी, भिंतीवरचं चित्र आणि आपलं नाव

(महासंघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत सदस्यांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. ज्या सख्या सभेला येऊ शकल्या नाहीत, त्यांनी तो आपल्या गटाच्या बैठकीत वाचावा, ही विनंती.)



सकाळपासून आपण जमाखर्च ऐकला, कर्जफेडीचे आकडे ऐकले, लेखापरीक्षणाचा अहवाल ऐकला. आता ही बाई चित्रांवर बोलणार म्हटल्यावर मागच्या रांगेतल्या दोघीतिघींनी पिशव्या आवरायला घेतल्या, ते मला दिसलं. थोडं थांबा. चित्रांविषयी बोलतानाही मी पैशांविषयी, मजुरीविषयी आणि नावाविषयीच बोलणार आहे. हिशोबाच्या बाहेर मी जात नाही.

प्रशिक्षणाच्या निमित्ताने मी गावोगाव फिरते. प्रत्येक गावात एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, "ताई, आमच्या हातात कसली आलीय कला? आम्ही आपलं शेण-गवरी, चूल-भाकरी करणाऱ्या." हे वाक्य बोलणाऱ्या बाईच्या दारात ठिपक्यांची रांगोळी असते. घरात तिने टाके घातलेली गोधडी असते. चैत्रात तीच चैत्रांगण काढते. सूर्य, चंद्र, कासव, शंख, गौर सगळं एका चौकटीत बसवते, आणि तेही पट्टी न धरता. तरी ती म्हणते, कला नाही. कारण कला म्हणजे शहरातल्या माणसाने कागदावर काढून चौकटीत लावलेलं काहीतरी, असं आपल्याला कुणीतरी सांगून ठेवलंय.

आज मी तुम्हाला काही बायांची ओळख करून देणार आहे. त्यांतल्या कुणी दुसऱ्याच्या घरी भांडी घासली, कुणी डोक्यावर विटा वाहिल्या, कुणी जळणाच्या मोळ्या विकल्या. बहुतेकींनी शाळेचं तोंड पाहिलं नाही. आणि यांतल्या प्रत्येकीला पुढे देशाने पद्मश्री दिली.

दोन भिंती

आधी आपल्याच राज्यातली भिंत बघू. पालघर जिल्ह्यात डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड या भागात वारली समाज राहतो. कुडाची भिंत, त्यावर शेणामातीचं सारवण, वर गेरूचा हात. लग्न असलं की त्या भिंतीवर सवाष्णी बाया चौक काढायच्या. चौकात पालघाट देवी. चौक काढल्याशिवाय लग्न लागत नसे. म्हणजे बघा, लग्नाचा दाखला बायांच्या हातात होता, आणि तो तांदळाच्या पिठाने लिहिला जात होता.

साहित्य काय? तांदळाचं पीठ, पाणी, थोडा डिंक. कुंचला म्हणजे बांबूची काडी, टोक चावून मऊ केलेली. रंग एकच, पांढरा. आकार तीन, गोल, त्रिकोण आणि चौकोन. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले की माणसाचं धड झालं. गंमत बघा, ते दोन त्रिकोण जिथे भेटतात ती जागा अगदी बारीक असते. म्हणून तो माणूस वाकतो, वळतो, नाचतो, नांगर धरतो, पाणी शेंदतो. धड जर चौकोनी ठोकळा असतं, तर चित्रातला माणूस खांबासारखा उभा राहिला असता.

आता दुसरी भिंत. बिहारमध्ये मिथिला नावाचा भाग आहे, त्यातला मधुबनी जिल्हा. तिथेही लग्नात नवरानवरीच्या खोलीच्या भिंतीवर बायाच चित्र काढायच्या. त्या खोलीला 'कोहबर घर' म्हणतात. कमळ, बांबू, मासे, पोपट, देवदेवता. आपल्याकडे चौक, तिकडे कोहबर. दोघींमध्ये हजाराहून जास्त किलोमीटरचं अंतर, भाषा वेगळी, पण काम तेच. नव्या संसाराला बायांनी चित्राने आशीर्वाद द्यायचा.

१९३४ सालच्या जानेवारीत बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. घरं पडली. डब्ल्यू. जी. आर्चर नावाचे इंग्रज अधिकारी नुकसान बघायला गावात गेले, तेव्हा पडक्या भिंतींवर त्यांना ही चित्रं दिसली. तोवर ही चित्रं घराच्या आतली गोष्ट होती. बाहेरच्या माणसाला ती दिसायची तर भिंत पडावी लागली! आपल्या किती बायांचं काम असंच घराच्या आत राहिलं असेल, याचा विचार मनात येतो.

मग १९६६-६७ साली बिहारात भीषण दुष्काळ पडला. शेत नाही, मजुरी नाही. त्या वेळी अखिल भारतीय हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी मुंबईहून एका चित्रकाराला मधुबनीला पाठवलं. त्यांचं नाव भास्कर कुलकर्णी. ते आपले मराठी गृहस्थ. त्यांनी गावातल्या बायांना हातकागद दिला आणि सांगितलं, भिंतीवर काढता तेच यावर काढा, आम्ही विकत घेऊ. तिथून मधुबनीचं चित्र भिंतीवरून कागदावर आलं आणि कागदावरून बाजारात. दुष्काळात घरात पैसा आला तो बायांच्या हातून. १९७५ साली याच भागातल्या जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली.

हेच भास्कर कुलकर्णी पुढे १९७०च्या सुमारास डहाणूकडे गेले. तिथे त्यांची गाठ जिव्या सोमा म्हसे यांच्याशी पडली. जिव्यांची आई लहानपणीच गेली. त्या धक्क्याने पोर बोलेनासं झालं आणि धुळीत चित्रं काढत राहिलं, असं सांगतात. मोठेपणी या माणसाने वारली चित्र लग्नाच्या चौकातून बाहेर काढलं. मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, शेत, पाऊस, सगळं काढलं. ती चित्रं जगभर गेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. फार मोठा कलाकार.

पण सख्यांनो, इथे मला तुमच्यापुढे एक प्रश्न ठेवायचा आहे. जोवर चित्र भिंतीवर होतं, देवाचं होतं, फुकट होतं, तोवर ते बायांचं होतं. कागदावर आलं, विकायला लागलं, तेव्हा डहाणूकडे ते जास्त करून पुरुषांच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं. जिव्या म्हसे यांचा मोठेपणा त्याने तसूभरही कमी होत नाही. आज वारली बायाही चित्रं काढतात, विकतात, शिकवतात. पण मधुबनीत बायांची नावं पुढे राहिली आणि आपल्याकडे काही काळ ती मागे पडली, हेही खरं. कामाला पैसा आला की नाव कुणाचं लागतं? हा प्रश्न नुसता चित्रांचा नाही. दुधाचा आहे, कोंबड्यांचा आहे, पापड-मसाल्याचाही आहे. दूध बाई काढते, पण डेअरीच्या पुस्तकावर नाव कुणाचं असतं, ते आपापल्या घरी जाऊन बघा.

सहा रुपये आणि दहा रुपये

आता भुरीबाईंची गोष्ट. मध्य प्रदेशातल्या झाबुआ जिल्ह्यातल्या या भिल्ल समाजाच्या बाई. भोपाळमध्ये 'भारत भवन' ही कलेची मोठी इमारत बांधली जात होती, तिथे त्या डोक्यावर ओझी वाहत होत्या. १९८२ साली ती इमारत सुरू झाली. त्या कामावर असताना जगदीश स्वामीनाथन नावाचे चित्रकार मजूर बायांना विचारायचे, तुमच्या गावात सण असला की भिंतीवर काय काढता? काढून दाखवा.

भुरीबाई सांगतात, तेव्हा मजुरी दिवसाला सहा रुपये होती. चित्र काढत बसलं तर ओझी कोण वाहणार आणि मजुरी कोण देणार, ही त्यांची पहिली काळजी. स्वामीनाथन यांनी दिवसाला दहा रुपये दिले. बसून चित्र काढायचं आणि त्याला ओझ्यापेक्षा जास्त पैसे, हे त्यांना खरंच वाटेना. गावाकडे त्या गेरू, खडू, पानांचा रस यांपासून रंग करायच्या. इथे तयार रंग आणि कुंचला मिळाला.

भुरीबाईंची चित्रं ठिपक्यांनी भरलेली असतात. मोर, झाड, हरीण, घर, सगळं आधी रेषेने काढायचं आणि मग आत ठिपके, ठिपके, ठिपके. भिल्ल चित्रकारांमध्ये प्रत्येकाची ठिपके भरण्याची रीत वेगळी असते. ठिपके बघून जाणकार सांगतो, हे चित्र कुणाचं. जशी गोधडीचा टाका बघून तुम्ही सांगता, ही आमच्या आत्याबाईंच्या हातची!

भिल्लांमध्ये पिठोरा देवाचे घोडे भिंतीवर काढण्याचा मान परंपरेने पुरुषांचा. भुरीबाईंनी त्यावर भांडण काढलं नाही. घोडा सोडून सगळं जग त्यांनी काढलं. झाडं काढली, सण काढले, पुढे विमान काढलं, स्वतःच्या आयुष्याची गोष्टसुद्धा काढली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ज्या इमारतीसाठी विटा वाहिल्या, तिथेच त्यांची चित्रं लागली.

यातून आपण काय घ्यायचं? मला पद्मश्रीपेक्षा ते सहा आणि दहा रुपये जास्त महत्त्वाचे वाटतात. कारण त्या बाईने पहिला प्रश्न योग्य विचारला, "माझ्या दिवसाचं काय?" आपण तोच विचारत नाही. गटाच्या वस्तूची किंमत काढताना कच्चा माल मोजतो, वीज मोजतो, गाडीभाडं मोजतो. आणि स्वतःचे तास? "ते काय, घरबसल्या होतं!"

चला, एक हिशोब करू. समजा, कापडी पिशवी रंगवून विकायची आहे. कापड आणि शिलाई ६० रुपये. रंग आणि कुंचल्याची झीज १५ रुपये. रंगवायला लागले ३ तास. तासाला ५० रुपये धरले तर १५० रुपये. स्टॉल, वाहतूक, पॅकिंगचे २५ रुपये. झाले २५० रुपये. आता कुणी म्हणालं, "बाई, दीडशेला द्या, पाचशे नग घेतो." पाचशे ऐकून आपण खूश होतो. पण दीडशेतून माल आणि रंगाचे ७५ गेले, उरले ७५. तीन तासांचे ७५, म्हणजे तासाला २५ रुपये, आणि त्यात वाहतूक अजून धरलेलीच नाही. पाचशे नग म्हणजे दीड हजार तास. एवढे तास आपण अर्ध्या मजुरीत देणार आहोत का? कधी द्यावेही लागतील, नड असते, मी नाही म्हणत नाही. पण देताना आकडा माहीत असला पाहिजे. अंदाजाने नाही, कागदावर. माझे आकडे उदाहरणाचे आहेत. तुमच्या गावातले तुम्ही घाला.

शिकायला वय नाही, लाजही नाही

दुलारी देवी मधुबनीजवळच्या रांटी गावच्या. मल्लाह, म्हणजे मासेमारी करणारा समाज. लहान वयात लग्न झालं, पोटची लेक तान्ही असताना गेली, त्या माहेरी परत आल्या. पोटासाठी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी करू लागल्या. त्यांतलं एक घर होतं महासुंदरी देवी आणि कर्पूरी देवी यांचं, दोघीही नावाजलेल्या चित्रकार. दुलारी झाडलोट करता करता बघायची. घरी येऊन ओल्या मातीत काडीने तेच काढून बघायची. एक दिवस धीर करून म्हणाली, मलाही शिकवा. त्यांनी शिकवलं.

मधुबनीत काम करण्याच्या दोन मोठ्या रीती आहेत. एक 'कचनी', म्हणजे बारीक बारीक रेषांनी आकार भरायचा. दुसरी 'भरनी', म्हणजे रंगाने भरून टाकायचं. पूर्वी रंग घरचेच असायचे, काजळीचा काळा, हळदीचा पिवळा, निळीचा निळा, पळसाच्या फुलांचा केशरी. दुलारी देवींनी हे सगळं आत्मसात केलं. पण चित्रात काढलं काय? आपल्या समाजाचे कोळी, नाव, जाळं, मासळी, नदी. शिकवलं दुसऱ्यांनी, गोष्ट स्वतःची सांगितली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. २०२५ सालच्या १ फेब्रुवारीला देशाचा अर्थसंकल्प मांडताना अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी जी साडी नेसली होती, ती दुलारी देवींनी चितारलेली होती. कधी काळी दुसऱ्याचं अंगण झाडणाऱ्या बाईचा हात त्या दिवशी साऱ्या देशाने टीव्हीवर पाहिला.

आणि ज्या म्हणतात, "आता आमचं काय वय आहे का", त्यांच्यासाठी जोधैया बाई बैगा. मध्य प्रदेशात उमरिया जिल्ह्यातलं लोढा गाव. नवरा गेल्यावर मजुरी केली, जंगलातून जळण आणून विकलं, मुलं वाढवली. साठी उलटून गेल्यावर, सत्तरीच्या तोंडाशी, आशीष स्वामी नावाच्या चित्रकार गुरूंकडे त्यांनी पहिल्यांदा कुंचला हातात धरला. वाघदेव काढला, मोहाचं झाड काढलं, जंगलातले प्राणी काढले. २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४च्या डिसेंबरात त्या गेल्या. सत्तरीला सुरुवात करूनही त्यांना चांगली पंधरा-सोळा वर्षं चित्रं काढायला मिळाली. आपल्यातली बाई चाळिशीला म्हणते, "आता कशाला?"

जे बोलता येत नाही ते

अजून एका बाईबद्दल सांगते. ही गोष्ट जरा जड आहे. गंगा देवी, मिथिलेच्याच. कचनी कामातला हात इतका बारीक की रेष केसासारखी. मूल झालं नाही म्हणून नवऱ्याने दुसरी बायको केली, यांना घराबाहेर पडावं लागलं. अशा गोष्टी आपल्या गावातही घडतात, नवीन नाहीत. गंगा देवी चित्रावर जगल्या. १९८४ साली पद्मश्री मिळाली. कलेच्या निमित्ताने अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या आणि तिकडचं जे दिसलं ते मिथिलेच्या रेषेत काढलं. तिथल्या जत्रेतला वर-खाली पळणारा पाळणासुद्धा काढला.

मग त्यांना कॅन्सर झाला. दिल्लीच्या एम्समध्ये उपचार चालू होते. त्यांनी त्या आजारपणाचीच चित्रमालिका काढली. दवाखाना, खाट, डॉक्टर, नर्स, सलाइनची नळी, रांगेतल्या बाया. ज्या रेषेने आयुष्यभर कमळ आणि राम-सीता काढली, त्याच रेषेने सलाइनची नळी काढली. १९९१ साली त्या वारल्या.

मी हे का सांगते? आपल्या गटात दर महिन्याला आपण शंभर रुपये काढतो, कर्ज मागतो, सही करतो आणि उठतो. कुणाच्या गर्भाशयाची पिशवी काढायची ठरलीय, कुणाच्या घरात दारू आहे, कुणाची पोरगी शाळेतून काढलीय, ते बैठकीत येत नाही. सगळं बोलता येत नाही, कळतं मला. पण जे बोलता येत नाही ते कधी कधी काढता येतं. एक गोल, दोन त्रिकोण, एक घर, एक वाट एवढं तर सगळ्यांना येतं. चित्र काढलं की दुःख जातं, असं खोटं मी सांगणार नाही. पण ते कागदावर आलं की शेजारची बघते, विचारते, "हे काय गं?" आणि तिथून बोलणं सुरू होतं. एवढं झालं तरी पुष्कळ.

अजून एक. गंगा देवींनी दिल्लीच्या क्राफ्ट्स म्युझियममध्ये एक आख्खं कोहबर घर रंगवलं होतं. आज ते नाही. काही वर्षांपूर्वी त्या भिंती पाडल्या गेल्या. छायाचित्रं होती म्हणून ते कसं दिसायचं हे तरी आपल्याला कळतं. भिंत राहत नाही, नोंद राहते. हे आपल्या लिपिकाताईंना वेगळं सांगायला नको!

आपल्याकडे काय करायचं

आता "वा वा, छान" म्हणून घरी जाऊ नका. चार कामं सांगते. एकालाही पैसा लागत नाही.

पहिलं, बघायची सवय. वारली चित्र एकदा नीट बघा. त्यात कुणी मोठा साहेब नसतो. पाणी आणणारी, दळणारी, मासे धरणारा, झाडावर चढणारा, सगळी माणसं जवळपास सारख्याच आकाराची. तारपा नाचात वाजवणारा मध्ये आणि बाकीचे एकमेकांचे हात धरून वेटोळ्यात. आपणही बैठकीला गोलच बसतो ना? का बसतो? कुणी पुढे नको, कुणी मागे नको म्हणून. पण बऱ्याच ठिकाणी अध्यक्ष खुर्चीवर आणि बाकीच्या चटईवर, असं व्हायला लागलंय. ते चित्र आठवा आणि खुर्ची बाजूला सारा.

दुसरं, आपलं काढा. वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे ती त्या भागाची आणि त्या समाजाची ओळख आहे. बाजारात वारली चालतं म्हणून छापा मारून 'वारली पेंटिंग' असं लेबल लावून विकणं बरोबर नाही. आपल्याच डहाणू-जव्हारच्या बहिणीच्या ताटातलं ते आहे. आपल्या गटात वारली बाया असतील तर त्यांनी अभिमानाने काढावं, आणि लेबलवर तसं लिहावं. बाकीच्यांनी आपलं शोधावं. चैत्रांगणाची चिन्हं आहेत, ठिपक्यांची रांगोळी आहे, नागपंचमीचा नाग आहे, पोळ्याच्या बैलाची शिंगं आणि झूल आहे, गोधडीचे टाके आहेत. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीत ठाकर समाजाची चित्रकथी आहे. दुलारी देवींनी मासे काढले, कारण त्या मल्लाह होत्या. आपल्याकडे कापूस असेल, ऊस असेल, आंबा असेल, शेळ्या असतील. ते काढा. गिऱ्हाईक विचारेल, हे काय आहे? तेव्हा तुमच्याकडे सांगायला खरी गोष्ट असेल.

तिसरं, वही. गटात हिशोबाच्या इतक्या वह्या आहेत, अजून एक करा. साधी शंभर पानी. प्रत्येकीने आपली एक रांगोळी, एक टाका, एक नक्षी त्यात काढायची. म्हाताऱ्या बायांना येणाऱ्या नक्ष्या आधी घ्या, त्या गेल्या की त्यांच्याबरोबर जातील. खाली तीन गोष्टी लिहायच्या, नाव, गाव आणि कुणाकडून शिकली. मोबाइल आहे तिने फोटो काढून ग्रामसंघाकडे ठेवायचा. रांगोळी आपण आधी ठिपके मांडून काढतो. ठिपके नीट मांडले की रेषा आपोआप वळते. ही वही म्हणजे आपले ठिपके समजा.

चौथं काम सगळ्यात महत्त्वाचं, नाव. प्रदर्शनात आपल्या वस्तूंवर काय लिहिलेलं असतं? 'बचत गट उत्पादन'. गटाचं नाव असावंच, त्याशिवाय आपण उभ्या राहिलो नसतो. पण त्याखाली एक ओळ वाढवा, 'करणारीचं नाव' म्हणून. भिंतीवरच्या चित्राला कधी सही नव्हती. कागदावर आलं, सही आली, आणि त्या सहीमुळे जगदंबा देवी कोण, गंगा देवी कोण हे देशाला कळलं. सही नसती तर 'बिहारची चित्रं' एवढंच राहिलं असतं.

काही जणी म्हणतील, ताई, नाव लिहिलं तर गटात भांडणं होतील. हिचं जास्त खपलं, तिचं कमी खपलं. होतील कदाचित. पण नाव लिहायचं नाही म्हणून भांडण टाळणं म्हणजे सगळ्यांनीच बिननावाचं राहणं. त्यापेक्षा बैठकीत नियम करा. विक्रीतला किती वाटा गटाचा, किती करणारीचा, हे आधी ठरवा आणि इतिवृत्तात लिहा. कर्जाचे नियम आपण असेच भांडत भांडत ठरवले ना? आज त्याच नियमांवर गट चालतात. हेही जमेल.

अजून एक शंका येते. "ताई, आमचं चित्र काही इतकं चांगलं नाही, त्यावर नाव कसं टाकायचं?" सख्यांनो, अंगठा सोडून सही करायला शिकलो, तेव्हा पहिली सही कशी होती? वाकडीतिकडी, अर्ध्यावर तुटलेली. बँकेतला माणूस हसलाही असेल. पण ती सही आपली होती आणि तिच्यावर कर्ज मिळालं. करत गेलो तशी ती सरळ झाली. चित्रावरची सहीही तशीच.

पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येक गटाने बचत गोळा झाल्यावर दहा मिनिटं काढायची. प्रत्येकीने घरातून हातची एक वस्तू आणायची. गोधडीचा तुकडा चालेल, तोरण चालेल, रुखवताची वस्तू चालेल, रांगोळीचा कागद चालेल. कुणी केली, किती तास लागले, कुणाकडून शिकली, एवढं सांगायचं आणि वहीत लिहायचं. ग्रामसंघाच्या बैठकीला त्या वह्या आणा. पुढच्या प्रदर्शनाच्या लेबलवर काय छापायचं ते त्या वह्यांवरून ठरवू. तशी विनंती मी आज महासंघाच्या कार्यकारिणीला इथेच, सगळ्यांसमोर करते. मान्य असेल तर हात वर करा.